वाळलेल्या पाकळ्या वजनावर घेताय? आधी पिशवी उपडी करून बघा

पुतणीच्या लग्नात अक्षतांऐवजी फुलांच्या पाकळ्या टाकायच्या असं घरात ठरलं. तांदूळ पायाखाली तुडवला जातो, ते आमच्या मामंजींना कधीच पटलं नाही. ताज्या पाकळ्या नागपूरच्या एप्रिलमध्ये लॉनपर्यंत नेईस्तोवर काळ्या पडतात, म्हणून वाळलेल्या. सीताबर्डीच्या फूल मार्केटात ताजी फुलं हवी तेवढी मिळतात. वाळलेल्यांसाठी मात्र ओळखीतून आलेल्या एका व्हॉट्सअॅप जाहिरातीवर फोन केला.

पोरगा घरी आला. नमुन्याची पुडी खरंच सुरेख होती. गावठी गुलाब, झेंडू, मधेमधे बोगनवेल, हातात घेतलं की चुरचुर वाजणारं. "काकू, घरचाच माल आहे जी, सावलीत वाळवलेला." भाव किलोला ६५० रुपये, म्हणजे स्वस्तातलाही नाही. सहा किलो सांगितले, १९५० आगाऊ दिले.

माल आला तो हळदीच्या संध्याकाळी. वेळ त्यानंच निवडली होती. सगळ्यांचे हात पिवळे, डीजे सुरू, आणि हा काटा घेऊन दारात. आमच्यासमोर मोजून दाखवलं, बरोबर सहा किलो. पिशवीचं तोंड उघडून वरचा थर दाखवला, उरलेले पैसे घेतले आणि गेला.

खरी मेख त्या बरोबर वजनातच होती. गुलाबाच्या पाकळीत ऐंशी टक्क्यांच्या वर पाणीच असतं. पाच-सहा किलो ताज्या पाकळ्या नीट वाळवल्या की हाती साधारण किलोभर लागतात, आणि तेवढ्यानं मोठी बादली भरते. सहा किलोंनी खोलीचा कोपरा भरायला हवा होता. हा गडी दोन पिशव्या दोन काखांत मारून आला होता! बाकीचं वजन ओलाव्याचं.

सकाळी पोरी कागदाचे कोन भरायला बसल्या आणि वरचा थर संपला. खाली ओले गोळे, आंबूस वास, गुलाबी रंगवलेल्या टिश्यू पेपरचे तुकडे, काही तर चक्क कापडी पाकळ्या. झेंडूत सुताचे तुकडे निघाले, गाठीसकट. म्हणजे जुन्या हारांतला. सासूबाईंनी एकच विचारलं, "हे मयताच्या हारातलं नाही कशावरून?" त्यानंतर तो माल मांडवात न्यायची कोणाची हिंमत होती! दीर धावत जाऊन तांदूळ घेऊन आले, गुरुजींनी कुंकू लावून अक्षता केल्या.

वरच्या थरातले चार-पाच कोन मात्र मुलांनी आधीच पळवले होते. त्या पाकळ्यांनाही रंग मारलेला. नागपूरचं लग्न म्हणजे मोठे कूलर आलेच, त्यांचे पाण्याचे तुषार उडाले आणि नवरदेवाच्या मोतिया शेरवानीवर गुलाबी ठिपके उठले. लाँड्रीवाल्यानं हात जोडले.

म्हणून पाकळ्या घेताना पिशवी चादरीवर पूर्ण उपडी करायला लावा, पैसे नंतर. मुठीत दाबून पाहा: वाळलेली पाकळी चुरते, ओली चिकटून बसते. पांढरा रुमाल ओला करून त्यात चोळा. रंगवलेल्या मालाचा भडक डाग लगेच उठतो. एक पाकळी चिमट्यात धरून जाळली तर खरीची राख होते, कापडी वितळून तिचा टणक मणी होतो. आणि फार लालभडक माल दिसला की शंका घ्याच, कारण लाल गुलाब वाळला की मरून रंगाचा, काळपट होतो.

वेळ असेल तर घरीच करा. पाकळ्या सुट्या करून सुती कापडावर एकेरी थर पसरा, वर पंखा लावा. ऊन नको, रंग उडतो. आपल्याकडची मार्च-एप्रिलची कोरडी हवा यासाठी उत्तम. पावसाळ्यात बुरशी धरते. बोगनवेल तर मुळातच कागदासारखी, तिला फार काही करावंच लागत नाही, आणि ती बहुतेक कंपाउंडवर फुकट असते.

त्या पोरानं दुसऱ्याच दिवशी मला ब्लॉक केलं. पैसे ज्या खात्यात गेले ते नावही त्याचं नव्हतं. चॅट, फोटो, पेमेंटचे स्क्रीनशॉट ठेवले होते, त्यावरून १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार केली आहे, निकाल यायचाय. मधेच भाचीनं तिला आलेली एक जाहिरात पाठवली. नंबर नवा, फोटो तोच: पितळी परातीत गुलाब-झेंडू, मागे निळी खिडकी. तुम्हाला आली तर उरलेले पैसे द्यायच्या आधी चादर अंथरा.