हायब्रिड सायकल, आठ महिन्यांनंतर : दोष सीटचा नव्हता, स्टेमचा होता
गिअर-ब्रेकबद्दल लिहिण्यासारखं फारसं नाही. मागे 7 गिअरचा फ्रीव्हील, व्ही-ब्रेक, 700×35 चे टायर. साध्या हायब्रिडमध्ये बहुतेक हेच मिळतं. 2,100 किलोमीटर झाले, पंक्चर दोन, मागच्या चाकाची आउट, म्हणजे फिरताना येणारा वाकडेपणा, एकदा काढावी लागली. सायकल चांगली आहे, फक्त मापाची नव्हती. आणि दुकानातून मात्र ती 'एकदम मापाची' म्हणूनच मिळाली होती.

दुकानातलं माप म्हणजे काय, तर दांडीच्या दोन्ही बाजूंना पाय टाकून उभं राहायचं. मध्ये तीन-चार बोटं जागा उरली की पावती फाडायला मोकळे. हल्लीच्या फ्रेमची दांडी मागे उतरती असते, त्यामुळे एस, एम, एल तिन्हींवर माणूस आरामात उभा राहतो. स्टिकरवरच्या फ्रेमच्या मापावर, म्हणजे 18 इंच वगैरेवरही जाऊ नका. कुणी सीटची नळी वरच्या टोकापर्यंत मोजतो, कुणी दांडीच्या मध्यापर्यंत. कंपनीच्या तक्त्यात बघायचा आकडा 'इफेक्टिव्ह टॉप ट्यूब'चा, म्हणजे सीटपोस्ट (सीटखालची नळी) ते हँडलखालच्या नळीचं वरचं टोक हे आडवं अंतर. उंची सीटपोस्ट वर-खाली करून जमवता येते. लांबी बरीचशी फ्रेममध्येच ठरून आलेली असते.

आता सीट. पहिल्या महिन्यात हिला दोन तारे दिले होते आणि वर साडेतीनशेचं जेल कव्हर घेतलं होतं. दोन्ही चुकलं. दुकानात सीट अशी लावली होती की बसल्या बसल्या दोन्ही पाय जमिनीवर सपाट टेकावेत. अशा सीटवर पायडल खाली गेलं तरी गुडघा वाकलेलाच राहतो, वाटीच्या पुढच्या बाजूला दुखतं आणि सगळा भार बुडावर येतो. मग शिव्या बिचाऱ्या सीटला.

माप घ्यायचं ते असं : अनवाणी भिंतीला टेकून उभं राहा, एक जाड पुस्तक दोन्ही मांड्यांच्या मध्ये घट्ट वर दाबा, पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत मोजा. ते गुणिले 0.883. इथे 79 सेंटिमीटर भरले, म्हणजे पायडलचे दांडे (क्रँक) ज्या अक्षाभोवती फिरतात त्याच्या मध्यापासून सीटच्या वरच्या पृष्ठभागापर्यंत 69.8. सीट होती 66 वर! गणित नको असेल तर टाच पायडलवर ठेवून पायडल सर्वांत खाली न्या. पाय जेमतेम सरळ व्हायला हवा. मग चवडा ठेवला की गुडघ्याला हवा तेवढा बाक आपोआप येतो. चालवताना कंबर डावी-उजवीकडे डुलत असेल किंवा गुडघ्यामागची शीर ओढत असेल, तर सीट जास्त वर गेली.

सीट 4 सेंटिमीटरनी चढवली, गुडघे आठवड्यात गप्प झाले, आणि तळहात बधिर व्हायला लागले. कारण साधं आहे, पण दुकानात कुणी सांगत नाही : सीटची नळी मागे कललेली असते, त्यामुळे 4 सेंटिमीटर वर म्हणजे साधारण सव्वा सेंटिमीटर मागेही. हँडल तेवढंच लांब गेलं आणि शिवाय सीटच्या मानाने खालीही. सीट पुढे सरकवून हे भरून काढू नका, त्याने पायडल आणि गुडघ्याचं गणित बिघडतं. सीटचं नाक खाली झुकवलं तर अंग पुढे घसरतं आणि हातांवर आणखी भार.

उपाय स्टेमचा, म्हणजे हँडलबारला फ्रेमच्या पुढच्या नळीतल्या दांड्याशी जोडणाऱ्या तुकड्याचा. मूळचा 100 मिलिमीटरचा, तोही उलटा म्हणजे खाली झुकलेला बसवलेला. तोच पालथा केला तर हँडल सुमारे 2 सेंटिमीटर वर येतं, फुकटात. तेवढ्याने भागलं नाही म्हणून 70 चा घेतला, सातशे रुपये. घेण्याआधी हँडलबारचा मधला व्यास बघा : 25.4 की 31.8 मिलिमीटर. दुकानदार दोन्ही 'चालतील' म्हणतो, चालत नाहीत.

बसवताना क्रम महत्त्वाचा. आधी स्टेमच्या वरच्या टोपीचा बोल्ट, तोही हँडलची खडखड जाईल इतकाच, मग बाजूचे दोन. आमच्याकडच्या मेकॅनिकने टोपीच ताकदीने आवळली आणि हँडल जातं फिरवल्यासारखं जड झालं. समोरचे चार बोल्ट तिरपे आलटून पालटून, थोडे थोडे. स्टेमवर 5 न्यूटन-मीटर (बोल्ट किती आवळायचा त्याचं माप) लिहिलेलं असतं ते शोभेसाठी नाही. आखूड स्टेमने हँडल किंचित चपळ होतं, दोन दिवसांत सवय होते.

सीटला आता साडेतीन तारे. जेल कव्हर स्टुलावर गेलं. सीटपोस्टवर जिथे तो फ्रेममधून बाहेर येतो तिथे इन्सुलेशन टेपचा एक वेढा मारून ठेवलाय, अर्थात 'मिनिमम इन्सर्शन'ची, म्हणजे सीटपोस्ट निदान किती आत हवा ते दाखवणारी रेघ फ्रेमच्या आत ठेवूनच. कारण सर्व्हिसिंगहून सायकल परत येते तेव्हा सीट दर वेळी खालीच आलेली असते.