पणजीच्या हॉटेलचं बुकिंग आणि गेलेले २६,४०० रुपये

संक्रांतीच्या सुमाराला बेळगावचा गारठा नकोसा होतो आणि पणजीचं ऊन खुणावू लागतं. जांबोटी, कणकुंबी करत चोर्ल्याच्या घाटाने सकाळी निघालं की दुपारचं जेवण पणजीत. शहापुरातल्या आमच्या गल्लीतल्या भिशीच्या बायकांनी या वेळी दोन रात्री तिकडे राहायचं ठरवलं. मिरामारचा किनारा, दोनापावला, फोंताईनशच्या गल्ल्या, संध्याकाळी मांडवीत बोट. गाडी ओळखीतली मिळाली. राहिली होती ती हॉटेलची सोय, आणि तिथेच आम्हाला लुटलं. निपाणी-खानापूरकडचे लोकही सुट्टी लागून आली की गोव्याचीच वाट धरतात, म्हणून सगळं सविस्तर लिहितेय.

मिरामारजवळचं जे हॉटेल आम्ही निवडलं ते खरंखुरं आहे, त्यांचा यात काडीचा दोष नाही. पण नेटवर त्यांचं नाव शोधलं की सगळ्यात वर येणारं पान त्यांचं नव्हतं. पैसे देऊन वर आणलेली ती जाहिरात होती. फोटो हॉटेलचे, नाव हॉटेलचं, फोन नंबर तेवढा भामट्याचा. व्हॉट्सअ‍ॅपवरही हॉटेलचाच लोगो. हिंदीत अगदी गोड बोलणारा माणूस, "मॅडम, सीझन आहे, चारच खोल्या उरल्यात" म्हणणारा. खोली २,२०० रुपये, म्हणजे भाव फार स्वस्तही नाही की शंका यावी. चार खोल्या, दोन रात्री, १७,६०० रुपये.

भिशीचे पैसे आमच्या काकूंकडे असतात. त्याने क्यूआर पाठवला, काकूंनी निम्मे म्हणजे ८,८०० रुपये भरले. क्यूआरवर हॉटेलचं नाव न येता एका माणसाचं नाव आलं. त्यावर "मॅनेजरसाहेबांचं खातं आहे" हे उत्तर तयारच होतं. पाच मिनिटांत फोन : सिस्टीम निम्मी रक्कम घेत नाही, पूर्ण १७,६०० एकदम टाका, आधीचे ८,८०० आपोआप परत येतील. तेही गेले. मग तिसरा फोन. आता परताव्यासाठी हा दुसरा क्यूआर स्कॅन करा आणि पिन टाका.

तेवढ्यात माझी धाकटी जाऊ तिथे आली. तिचं माहेर गोव्यातल्या साखळीचं. फोन स्पीकरवर होता आणि तो माणूस सांगत होता, हॉटेल पणजी रेल्वे स्टेशनपासून पायी पाच मिनिटांवर आहे.

"काकू, थांबा की जरा! पणजीला रेल्वे स्टेशन कुठं आहे ओ?"

पणजी शहरात रेल्वे स्टेशन नाहीच. जवळची स्टेशनं करमळी आणि थिवी, आणि बेळगावहून लोंढ्यामार्गे येणारी गाडी मडगावावरून वास्कोला जाते. जावेने त्याला कोकणीत विचारलं, बेळगावहून चोर्ल्याने आलो तर डिचोलीवरून पुढे कसं यायचं? पलीकडून फोन कट.

नंतर व्हॉट्सअ‍ॅपवर आलेलं बुकिंगचं व्हाउचर नीट पाहिलं. कागद देखणा, शिक्का, सही, सगळं जागच्या जागी. खाली पंधरा अक्षरांचा जीएसटी नंबर. या नंबराचे पहिले दोन आकडे राज्याचे असतात : गोव्याचे ३०, कर्नाटकाचे २९, महाराष्ट्राचे २७. या कागदावर ०७ होते, म्हणजे दिल्ली. शिवाय भाड्यात १८ टक्के जीएसटी धरलेला. रोजचं भाडं साडेसात हजारांपर्यंत असलेल्या खोल्यांवर २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्केच लागतो. पैसे भरण्याआधी असा नंबर जीएसटीच्या सरकारी पोर्टलवर टाकून पाहता येतो, कुणाच्या नावावर आहे ते फुकटात दिसतं. छोट्या होमस्टेला जीएसटी नंबर नसूही शकतो, पण गोव्यात १९८२ च्या कायद्याप्रमाणे पर्यटन खात्याकडे नोंदणी करावी लागते. त्या दाखल्याचा फोटो मागा. जो खरा असेल त्याला राग येणार नाही.

क्यूआरचं तर ठाम सांगते. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. पिन मागितला की पैसे तुमच्याच खात्यातून जाणार, समोरचा त्याला परतावा म्हणो की आणखी काही.

आम्ही लगेच १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन लावला. कर्नाटकातून लावल्यावर समोरून कन्नडमध्ये बोलणं सुरू झालं. काकू घाबरलेल्या, त्यांना धड उत्तरं देता येईनात. शेजारच्या अक्का कन्नड बोलणाऱ्या, त्यांनी फोन घेतला आणि सगळं नीट सांगितलं. म्हणून कन्नड येत नसेल तर जवळ कुणाला तरी आधीच बसवून घ्या, शब्द शोधण्यात वेळ घालवू नका. व्यवहाराचा बारा आकडी यूटीआर नंबर, वेळ, रक्कम, बँकेचं नाव आणि भामट्याचा मोबाईल नंबर समोर लिहून ठेवा. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, तिथून तिसऱ्यात पळवले जातात. तक्रार त्याआधी पोहोचली तर वाटेतल्या बँकेला ते अडवता येतात. १७,६०० पैकी ११,००० असेच अडवले गेले. ते अजून परत मिळायचे आहेत. उरलेले हाताबाहेर गेले. सायबर गुन्ह्यांच्या सरकारी पोर्टलवरही तक्रार नोंदवली आणि पावती घेऊन सीईएन (सायबर, आर्थिक आणि अमली पदार्थांचे गुन्हे पाहणाऱ्या) पोलीस ठाण्यात गेलो.

गल्लीत काही जण काकूंनाच बोल लावू लागले, मला त्याचा फार राग आला. चोराला सोडून त्या बाईला कशाला धरता? अशाच बोलण्याच्या भीतीने माणसं घरात गप्प बसतात आणि तक्रारीची वेळ निघून जाते.

जावेच्या भावाने साखळीहून पणजीला जाऊन खऱ्या हॉटेलात चौकशी केली. असली व्हाउचरं घेऊन त्यांच्या काउंटरवर याआधीही कुटुंबं आली होती, सामानासकट. तो मोबाईल नंबर आम्ही संचार साथी या सरकारी पोर्टलवरच्या 'चक्षू'वर, म्हणजे संशयास्पद फोन-मेसेज कळवायच्या सोयीवर, कळवला. ते पान दोन दिवस दिसेनासं झालं आणि आता परत आलंय. नाव कारवारच्या हॉटेलाचं, खोल्यांचे फोटो तेच, पडदे निळे आणि पलंगामागे शिंपल्यांचं चित्र. कारवारला जायचा कुणाचा बेत असेल तर फोटो जुळवून बघा.