आमदारांचे लेखी प्रश्न, वाचायला भारी पण उत्तरं...

काय भो, आपल्या आमदाराने अधिवेशनात नेमकं काय विचारलं ते बघायचं तर भाषणाचे रील सोडा अन् विधिमंडळाच्या प्रश्नोत्तरांच्या याद्या उघडा, फुकट आहेत अन् मराठीतच. तारांकित प्रश्नाला मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतो, वरून उपप्रश्नही होतात, अतारांकितला फक्त लेखी. जळगाव, धुळे, नंदुरबार अशी नावं शोधत बसा, दाखले, दवाखाने, कोर्टातल्या रिकाम्या जागा असले विषय निघतात. उत्तरं मात्र ठरलेली, "हे अंशतः खरे आहे", "प्रश्न उद्भवत नाही", झालं! तरी सरकारची छापील कबुली हातात येते ना, दाखला अडला तर २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याखाली (सरकारी सेवा ठरल्या वेळेत देण्याचा कायदा) अपील टाकताना जोडा की. ५ पैकी ३.५.