ब्रॉयलरच्या आतड्यासाठी यीस्ट: जिवंत, भिंत, कल्चर की नुसतंच नाव?

पाच हजार पक्ष्यांचं शेड असलं की आठवड्याला एखादा तरी प्रतिनिधी दारात उभा राहतो. हल्ली त्याच्या बॅगेतल्या चार नमुन्यांपैकी दोनांवर ‘यीस्ट’ लिहिलेलं असतं. दोन्ही म्हणे आतड्यासाठी. मात्र एकाचा भाव दुसऱ्याच्या कितीतरी पट. चूक प्रतिनिधीची नाही. यीस्ट या एका नावाखाली चार वेगवेगळ्या वस्तू विकल्या जातात आणि कोंबडीच्या पोटात त्यांची कामंही वेगवेगळी आहेत.

मागणी वाढली ती प्रतिजैविकं मागे हटल्यामुळे. युरोपीय संघाने १ जानेवारी २००६ पासून वाढीसाठी खाद्यात घालायची प्रतिजैविकं बंद केली. आपल्याकडे जुलै २०१९ मध्ये केंद्राने कोंबड्यांसह सगळ्या खाद्य-पशूंसाठी कोलिस्टिन या प्रतिजैविकावर बंदी घातली. चिमूटभर कोलिस्टिनवर पिल्लांची हगवण आवरायची सवय झालेल्यांना पर्याय हवा होता, आणि यीस्ट त्या रिकाम्या जागेत येऊन बसलं.

जिवंत यीस्ट

पावाच्या पिठात घालतात तीच ही जात, सॅकरोमायसिस सेरेव्हिसी. चांगल्या मालात ग्रॅमला काही अब्ज जिवंत पेशी असतात. पण यीस्टची खरी ख्याती गाईमुळे झाली. गाईच्या कोटीपोटात ते उरलासुरला ऑक्सिजन संपवतं आणि चारा पचवणाऱ्या जिवाणूंना बरे दिवस येतात. कोंबडीला कोटीपोट नाही. तिच्या पोटातून खाद्य काही तासांत बाहेर पडतं. शरीराचं तापमान ४१ ते ४२ अंश, आणि यीस्टला मानवतं ते ३० च्या आसपास. त्यामुळे ते तिथे घर करत नाही, फक्त जाता जाता काम करतं. रोज घातलं तरच उपयोग, एक दिवस थांबलं की संपलं. दुभत्या जनावरांचे आकडे दाखवून कोंबडीसाठी माल विकणाऱ्याला मी चहा पाजून वाटेला लावतो.

दुसरी अडचण गोळीची. पेलेट बनवताना खाद्य वाफेने ७५ ते ८५ अंशांपर्यंत तापतं. त्यात साधं जिवंत यीस्ट मरतं. ‘मरू दे, भिंत तरी उरते’ असं कुणी म्हणेल, आणि ते खरंही आहे, पण मग पैसे जिवंत मालाचे का मोजायचे? आवरण दिलेलं यीस्ट जास्त उष्णता सोसतं, मात्र महाग पडतं. स्वतः भरडा दळून मॅश खाऊ घालणाऱ्यालाच साधं जिवंत यीस्ट परवडतं.

जिवंत यीस्टची एक बाजू मात्र उजवी आहे. जिवाणू मारणारी औषधं यीस्टला मारत नाहीत, कारण ते जिवाणू नव्हे, बुरशीच्या कुळातलं. डॉक्टरांनी प्रतिजैविकाचा कोर्स दिला असेल तर जिवाणूंचं प्रोबायोटिक वाया जाऊ शकतं, यीस्ट चालू ठेवता येतं. पण याच कारणाने मोरचूद त्याचा वैरी. पोटातल्या बुरशीवर मोरचूद चालू असताना यीस्ट घालू नका. क्लोरीनचंही तसंच. मी एकदा पाण्यातून जिवंत यीस्ट सोडलं आणि दोन दिवसांनी लक्षात आलं, त्याच टाकीत रोज पहाटे गडी ब्लीचिंग पावडर टाकत होता. सांगितलंही मीच होतं.

माल जिवंत आहे का, हे बेकरीवाल्यासारखं तपासा. कोमट पाण्यात साखर आणि चमचाभर पावडर घाला, पंधरा-वीस मिनिटांत फेस आला पाहिजे. मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत पडून राहिलेली पुडी बहुतेक वेळा गप्प बसते.

यीस्टची भिंत

माझं मत इथे झुकतं. यीस्टच्या पेशीची साल वेगळी करून वाळवली की हा माल तयार. त्यातल्या दोन गोष्टी कामाच्या: मॅनन आणि बीटा-ग्लुकन. ई. कोलाय आणि साल्मोनेला या जिवाणूंच्या अंगावर बारीक तंतू असतात. त्या तंतूंनी ते आतड्याच्या पेशींवरच्या मॅनोज नावाच्या साखरेला पकडतात आणि तिथेच ठाण मांडतात. भिंतीतला मॅनन म्हणजे तीच साखर. जिवाणू आतड्याऐवजी तिला पकडतो आणि विष्ठेबरोबर बाहेर जातो. बीटा-ग्लुकन पक्ष्याच्या संरक्षक पेशींना जागं ठेवतं. ते मात्र ढिगाने घालायचं नसतं. सतत भडकलेली प्रतिकारशक्ती वाढीचीच ऊर्जा खाते.

मृत माल असल्यामुळे वाफ, गोळी, क्लोरीन, मोरचूद, यातल्या कशाचंच त्याला भय नाही. टनाला साधारण अर्धा ते दोन किलो, सुरुवातीच्या खाद्यात जास्त आणि फिनिशरमध्ये, म्हणजे शेवटच्या टप्प्याच्या खाद्यात, कमी, असा रिवाज आहे.

मर्यादाही सांगतो, कारण पुडीवर ती लिहीत नाहीत. नेक्रोटिक एन्टरायटिस, म्हणजे आतडं सडवणारा रोग, घडवणाऱ्या क्लॉस्ट्रिडियम या जिवाणूकडे ते तंतू नाहीत, त्यामुळे मॅननची ही युक्ती त्याच्यावर थेट चालत नाही. आणि क्लॉस्ट्रिडियम बहुतेकदा कॉक्सी या परजीवीच्या रोगाने आतडं सोललं गेल्यावरच शिरतो. तुमच्याकडे तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात रक्ताळ विष्ठा दिसत असेल तर आधी कॉक्सीचं औषध, लस आणि गादी (पक्ष्यांखालचं तूस) बघा.

बुरशीच्या विषांबद्दलही असाच गोंधळ आहे. भिंतीचा माल ‘टॉक्सिन बाइंडर’ म्हणूनही विकतात. झिअरालेनॉनसारख्या काही विषांना तो पकडतो. पण पावसाळ्यात ओल्या मक्यातून येणारी आपली मुख्य डोकेदुखी अफ्लाटॉक्सिन, आणि तिच्यासाठी बेंटोनाइटसारखी चिकणमाती स्वस्त आणि खात्रीची.

लेबलवर ग्लुकन आणि मॅननचे टक्के शोधा. दोन्ही मिळून चाळीसच्या पुढे असतील तर माल बरा. आणि प्रथिनं चाळीस टक्क्यांच्या वर लिहिली असतील तर ती भिंत नव्हे, अख्खं वाळवलेलं यीस्ट आहे. बिअरच्या कारखान्यातून किंवा डिस्टिलरीतून निघणारं ते यीस्ट प्रथिन म्हणून वाईट नाही, पण त्याचा भाव सोया पेंडीच्या हिशेबात लावायचा, औषधाच्या नाही.

इथे डीडीजीएसचं आलंच. इथेनॉलनंतर उरलेल्या धान्यात यीस्टचा अंश असतो, मग वेगळं कशाला घालायचं, असं काही जण म्हणतात. स्टार्च निघून गेल्यावर मक्यातलं बुरशीचं विष त्या उरलेल्या भागात सुमारे तिप्पट दाट होतं, हे ते विसरतात.

कल्चर आणि न्यूक्लिओटाइड

यीस्ट कल्चर म्हणजे धान्याच्या माध्यमावर यीस्ट आंबवून सगळंच वाळवलेलं: पेशी, माध्यम, आंबताना तयार झालेली आम्लं आणि इतर द्रव्यं. उष्णता सोसतं. पण नेमका कोणता घटक काम करतो आणि किती, हे लेबलवरून मोजता येत नाही. कारखाना बदलला की वस्तू बदलली. बनवणाऱ्यावर विश्वास असेल तरच घ्या.

हायड्रोलाइज्ड यीस्ट, म्हणजे फोडलेल्या पेशींतली न्यूक्लिओटाइडं, हा सगळ्यात महाग प्रकार. तरी मला तो एका जागी पटतो. पहिल्या आठवड्यात पिल्लाचं आतडं शरीरापेक्षा वेगाने वाढतं आणि नव्या पेशी बांधायला न्यूक्लिओटाइडं लागतात. शिवाय त्या आठवड्यात पिल्लू खातं किती, तर जेमतेम १६० ग्रॅम. हजार पिल्लांचं खाद्य झालं १६० किलो. टनाला दोन किलो धरलं तरी माल लागतो ३२० ग्रॅम. महाग वस्तू इथे स्वस्तात निघते. फिनिशरमध्ये घालणं मात्र पैसे उधळणं.

मग कोणी काय घ्यावं

करारावर पक्षी पाळत असाल तर खाद्य कंपनीचं येतं. त्यात काय आहे ते आधी सुपरवायझरला विचारा. बहुतेक वेळा काहीतरी असतंच, वर पाण्यातून आणखी देण्यात अर्थ नाही. स्वतःचं पेलेट बनवून घेत असाल तर भिंत. स्वतः मॅश दळत असाल आणि साठवण थंड असेल तर जिवंत यीस्ट चालेल, तरी मी भिंतच घेईन. विदर्भातल्या उन्हाळ्यात तर नक्कीच, तिथे पुडी शेडपर्यंत जिवंत पोचणंच कठीण. आणि मूठभर तूस दाबल्यावर त्याचा गोळा होत असेल, पाण्याचे निपल गळत असतील, तर चौघांपैकी कोणीच घेऊ नका. आधी प्लंबर बोलवा.

हिशेब साधा आहे. समजा खाद्य ४० रुपये किलो, म्हणजे टनाला ४०,००० रुपये. पूरक ३०० रुपये किलो, टनाला एक किलो. खर्च वाढला पाऊण टक्का. एफसीआर, म्हणजे एक किलो वजनासाठी लागणारं खाद्य, १.६० वरून १.५८८ वर आला तर पैसे वसूल. पाच हजार पक्षी, सरासरी २.२ किलो वजन, तर बॅचला १७.६ टन खाद्य आणि पूरकाचे ५,२८० रुपये. शंभर रुपये किलोच्या भावात हे २४ पक्षी झाले. मर अर्ध्या टक्क्याने कमी झाली तरीही वसूल.

पण १.६० आणि १.५८८ मधला फरक एका बॅचमध्ये दिसत नाही. पिल्लांच्या दोन लॉटमधला फरक त्याहून मोठा असतो. एकाच बॅचवरून निकाल लावणारा माणूस बहुतेक वेळा हॅचरीचा निकाल लावत असतो. त्यापेक्षा शेडच्या मधोमध जाळी लावा, एकाच लॉटची पिल्लं दोन्हीकडे सारखी वाटा, एका बाजूच्या खाद्यात पूरक घाला, खाद्याच्या पोत्यांची वेगवेगळी नोंद ठेवा. सातव्या, एकविसाव्या आणि शेवटच्या दिवशी दोन्हीकडचे पन्नास-पन्नास पक्षी तोला. पुढच्या बॅचला बाजू बदला, कारण शेडची पश्चिमेकडची बाजू दुपारी नेहमीच जास्त तापते.