आठ महिने क्रिप्टो लॉटरी: सोडत चोख, पण तिकिटांची यादी?

आधीच सांगतो, मी जिंकायला गेलो नव्हतो. (बरं, थोडासा गेलो होतो.) डिसेंबर २०२४ ते जुलै २०२५, दर शुक्रवारी एक तिकीट, साधारण दोनशे रुपयांच्या बिटकॉइनचं. साइट परदेशी, 'प्रूव्हेबली फेअर'चा (म्हणजे सोडत खरी होती हे कुणालाही ताडता येतं, असा) बिल्ला लावून बसलेली.

सोडतीआधी साइट स्वतःच्या गुप्त सीडचा (सोडतीसाठी निवडलेल्या अक्षरमालेचा) एसएचए-२५६ हॅश जाहीर करते; हॅश म्हणजे मजकुराचा ६४ अक्षरी ठसा, ज्यावरून मूळ मजकूर काढता येत नाही. विक्री बंद झाल्यावर, आधीच ठरलेल्या क्रमांकाचा बिटकॉइन ब्लॉक (व्यवहारांच्या नोंदवहीचं नवं पान) निघाला की त्याचा हॅश सीडमध्ये मिसळतात आणि त्यातून विजेता आकडा ठरतो. मग सीड उघड होतं आणि आपण घरबसल्या सगळं ताडून बघायचं.

मी घरी नाही, लोकलमध्ये ताडलं. करी रोडला चढलो, फोनवर सीडचा हॅश काढायची कमांड दिली, तर जाहीर हॅशच्या ६४ पैकी मोजकीच अक्षरं जुळली, तीही योगायोगानं. फसवलं! स्क्रीनशॉटसुद्धा काढून ठेवले. भांडुप आलं तेव्हा डोक्यात प्रकाश पडला: सीड पुढे पाठवायला वापरलेली एको कमांड त्याच्या शेवटी गुपचूप एक नवी ओळ जोडते, आणि मी तिचाही हॅश काढत होतो. ती काढली, सगळं जुळलं. पुढच्या तीसेक सोडतींत एकही चूक सापडली नाही.

आमचे आजोबा गिरणीत होते. त्यांच्या काळचा आकडा, म्हणजे जुना मटका, न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराच्या उघडत्या-बंद भावांवर लागायचा, ते भाव मुंबईतल्या कुणाला हलवता येत नव्हते, म्हणून लोकांचा विश्वास. ब्लॉकचा हॅश हाच प्रकार. मायनर, म्हणजे ब्लॉक तयार करणारा, नको असलेला ब्लॉक टाकून देऊ शकतो, पण मग त्याला ३.१२५ बिटकॉइनच्या बक्षिसावर पाणी सोडावं लागतं. आमच्या फुटकळ सोडतीसाठी कोण सोडतंय!

घोळ निघाला वेगळ्याच ठिकाणी. विकलेल्या तिकिटांची यादी सोडतीनंतरच दिसायची. म्हणजे आकडा पक्का, पण त्या आकड्याचं तिकीट आधी कुणाच्या नावावर होतं, याला पुरावा नाही. निकाल बघून साइटनं आपलाच एखादा वॉलेट (क्रिप्टो खातं) यादीत घुसवला तर गणित तरीही बिनचूक जुळेल. तसं झालं असं माझं म्हणणं नाही. मला ते तपासता येत नाही, एवढंच.

मधे एकदा छोटं बक्षीस लागलं, ते काढायला अकरा दिवस गेले. ऑगस्टमध्ये पैशांच्या ऑनलाइन खेळांविरुद्ध केंद्राचा कायदा मंजूर झाला, तोवर मी खातं बंद केलं होतं.

विक्री बंद होताच यादीचाही हॅश टाका, असं सपोर्टला तीनदा लिहिलं. तिन्ही वेळा एकच तयार उत्तर आलं, सीडचा हॅश कसा ताडायचा याचं.