थंड गाडीचे १८,५०० रुपये घेतले आणि वाईन ताडपत्रीखाली तापवून पाठवली

एकूण १,८६,९५० रुपये गेले. आकडा आधीच सांगून टाकतो, कारण गेले सात महिने जो भेटतो तो पहिल्यांदा तेच विचारतो. आकडा ऐकला की पुढचा प्रश्न ठरलेला : "एवढ्याची दारू?" त्यानंतर कोणाला काही समजून घ्यायचं नसतं. घरात आईसमोर तर मी अजून खरा आकडा काढलेला नाही.

हिशोब असा. फ्रान्समधल्या बर्गंडी भागातल्या लाल वाईनच्या २४ बाटल्या, दर ६,८५०, म्हणजे १,६४,४००. थंड गाडीचं भाडं १८,५००. खोक्यात ठेवायचं तापमान नोंदवणारं यंत्र, ज्याला हे लोक लॉगर म्हणतात, त्याचे २,२००. विमा १,८५०. अर्धे पैसे, ९३,४७५, मी ६ मे २०२४ ला एनईएफटीनं पाठवले. उरलेले ९३,४७५ पाठवले १६ मेला, गाडी निघायच्या आदल्या दिवशी. माल बघायच्या आधी पूर्ण पैसे देऊन मोकळा झालो, ही माझी चूक मान्य आहे. पण पुरवठादार परवानाधारक होता, बिल पक्कं होतं, आणि नाशिकच्या ज्या माणसाकडून मी कित्येक वर्षं माल घेतो त्यानंच हा नंबर दिला होता. तुम्ही काय केलं असतं?

माझं वेरूळच्या रस्त्याला हॉटेल आहे, परमिट रूमचा रीतसर परवाना आहे. लेणी बघायला येणारे पाहुणे, एमआयडीसीतल्या कंपन्यांचे साहेब लोक, असं गिऱ्हाईक. एका कंपनीनं २५ मेच्या रात्रीचं ४० माणसांचं जेवण सांगितलं. नवीन मशीन बसवायला फ्रान्सहून तिघं आले होते, त्यांच्या निरोपाचं जेवण. कंपनीच्या माणसानं स्पष्ट सांगितलं, वाईन बर्गंडीचीच पाहिजे, पिनो न्वार द्राक्षाची. हे द्राक्ष पातळ सालीचं, त्याची वाईनही तशीच नाजूक. मराठवाड्यात मे महिन्यात ती मागवणं धोक्याचं आहे हे मला पक्कं माहीत होतं. म्हणून तर थंड गाडीचे पैसे मोजले! "उन्हाळ्यात मागवलीच कशाला" म्हणणाऱ्यांना मी आता उत्तर देणं सोडलंय.

ज्यांना कल्पना नाही त्यांच्यासाठी सांगतो. अशी वाईन १२ ते १४ अंशांत ठेवायची असते. चाळिशीच्या उन्हात बंद गाडीत दोन-तीन दिवस राहिली की बाटलीतला द्रव फुगतो. बुचाखाली जागा असते जेमतेम बोटाच्या पेराएवढी, तीही नाही. मग बूच वर सरकतं, बुचाच्या कडेनं वाईन झिरपते, आणि रात्री गारवा आला की त्याच वाटेनं हवा आत जाते. बूच जागचं हललं नाही तरी आतला वास मरायचा तो मरतोच. चेरीचा, ओल्या मातीचा वास जातो आणि राहतो शिजवलेल्या मनुकांचा, काकवीसारखा वास. ती प्यायल्यानं माणूस आजारी पडत नाही. माझी सगळी तक्रार पुढे याच एका गोष्टीवर अडकली.

गाडी १७ मेला, शुक्रवारी मुंबईहून निघाली. २० तारखेला मुंबई, ठाणे, नाशिक, धुळे या पट्ट्यात लोकसभेचं मतदान होतं, त्यामुळे १८ च्या संध्याकाळपासून तिकडे ड्राय डे. १९ ला पुरवठादाराचा फोन आला, "भाऊ, इलेक्शनमुळे गाडी थांबवलीय, पण काळजी करू नका, मशीन चालू आहे, आत चौदा अंश." सोबत व्हॉट्सॲपवर पांढऱ्या शुभ्र रेफ्रिजरेटेड गाडीचा फोटो. कोणत्याही बहाण्यात थोडं खरं मिसळलं की तो बहाणा राहत नाही. निवडणूक खरी होती, ड्राय डे खरा होता. मला वाटलं, बाकीचंही खरंच असेल.

आता ते सांगतो जे आठवलं की अजून झोप उडते.

२२ मे, बुधवार, दुपारी अडीच. बाहेर अंगाची लाही होत होती. गाडी आली ती साधा टेम्पो, वर ताडपत्री. मी विचारलं, थंड गाडी कुठंय? ड्रायव्हर म्हणाला, "मालक, ती बायपासला बंद पडली, आत्ताच तासाभरापूर्वी माल याच्यात टाकला. सही करा लवकर, मला पुढं पैठणला जायचंय." त्यानं खोके उतरवले. पहिला खोका मी स्वतः छातीशी धरून आत नेला. तो गरम होता. कोमट म्हणण्याइतका नाही, तव्यावरून उतरवलेल्या भाकरीच्या टोपलीसारखा गरम. शर्टातून छातीला कळत होतं. तासाभराच्या उन्हानं पुठ्ठा तापेल, पण आतल्या सहा बाटल्यांचं सगळं वजन आतून गरम होत नाही.

माझे वडील जालन्याच्या मोंढ्यात मोसंबीचे आडते होते. गाडी आली की ते बिल्टी, म्हणजे वाहतुकीची पावती, बाजूला ठेवून पेटीच्या मधोमध कोपरापर्यंत हात घालायचे. वरचा माल तापला की आतला, हे त्यांना एका क्षणात कळायचं. मी लहानपणापासून ते बघितलंय. आणि तरी मी त्या खोक्यात हात घातला नाही. का? कारण ड्रायव्हरनं माझ्या हातात लॉगरची छापील पट्टी दिली. १४.०, १४.०, १४.०, सरळ रेघ. मी कागदावर विश्वास ठेवला आणि "माल सुस्थितीत मिळाला" यावर सही केली.

ती पट्टी रात्री नीट वाचली. नोंदी १७ मेच्या दुपारी सुरू होतात आणि १९ च्या रात्री ११ वाजता संपतात. गाडी आली २२ ला. मधले अडीच दिवस कुठे आहेत? आणि खरं मशीन चालू-बंद होतं, दार उघडतं, तापमान थोडं तरी वर-खाली होतंच. दोन दिवस दशांशाचाही फरक नाही अशी रेघ जिवंत यंत्राची नसते. दारू वाहून नेण्याचा सरकारी पास काढून बघितला तर त्यावर या टेम्पोचाच नंबर, मुंबईपासून! म्हणजे गाडी बंद पडली वगैरे सगळं खोटं, माल पहिल्यापासून ताडपत्रीखालीच आला. फोटोतल्या गाडीचा नंबर पासावर कुठेच नव्हता. हे सगळं दुपारी अडीचला माझ्या हातात होतं. दोन मिनिटं लागली असती.

तेव्हा पहिलं हे करा : पासावरचा गाडीचा नंबर आणि दारातल्या गाडीचा नंबर, दोन्ही जुळल्याशिवाय खोका उतरवू देऊ नका. सही करायचीच वेळ आली तर चलनावर स्वतःच्या अक्षरात लिहा, "खोके गरम, तपासणी बाकी." ड्रायव्हर घाई करतो तेव्हा मुद्दाम हळू व्हा.

रात्रीच पुरवठादाराला फोन लावला. तो शांतपणे म्हणाला, "गार खोलीत ठेवा दोन दिवस, सेट होईल." तापलेली वाईन सेट होत नाही. शिजलेला भात परत तांदूळ होतो का? पण जेवण तीन दिवसांवर होतं, दुसरी कुठून आणू, आणि मनात आशा होती. बाटल्या गार खोलीत ठेवल्या. त्यातली एकही उघडून बघितली नाही, कारण ६,८५० ची बाटली चाखायला उघडायला हात धजावला नाही. हीसुद्धा चूक. एक उघडा. एकीचे पैसे जाऊ द्या, बाकीची इभ्रत वाचते.

२५ च्या रात्री आमच्या कॅप्टननं, म्हणजे मुख्य वाढप्यानं, पहिल्या बाटलीवरची टोपी, म्हणजे बुचावरचं पातळ वेष्टण, कापली, तर बूच वर आलेलं, कडेनं काळपट चिकट ओघळ. दुसरी बरी दिसली म्हणून ती वाढली. पाहुण्यांतल्या वयस्कर गृहस्थानं पेला नाकाशी नेला, क्षणभर थांबला आणि न पिता टेबलावर ठेवला. काही बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं. पाच बाटल्या उघडल्या, पाचही गेलेल्या. मग धावपळ करून १४,४०० रुपयांची नाशिकची वाईन आणली, ती माझ्या खिशातून. त्या कंपनीचं एकही जेवण त्यानंतर माझ्याकडे आलेलं नाही.

उरलेल्या १९ बाटल्या दुसऱ्या दिवशी एकेक करून तपासल्या. सातांचं बूच बोटाला लागेल इतकं वर आलेलं. तिघींची वरची टोपी फिरवली तर फिरेना, आत वाईन वाळून चिकटलेली. टोपी सैल फिरणं हे चांगलं लक्षण असतं, हे लक्षात ठेवा. सगळे फोटो काढले. दोन बाटल्या नाशिकला एका अनुभवी वाईन बनवणाऱ्याकडे नेल्या, त्यांनी लेखी दिलं की उष्णतेनं खराब झालेली आहे. मग ट्रान्सपोर्टवाल्याच्या गोदामात जाऊन बिल्टीची प्रत मिळवली. भाडं ३,८००, साधी गाडी. माझ्याकडून १८,५०० घेऊन पुरवठादारानं ३,८०० भरले आणि १४,७०० खिशात घातले. चौदा हजार सातशेसाठी माझा १,६४,४०० रुपयांचा माल तापवला.

विम्याचं ऐका. १,८५० रुपये घेऊन पॉलिसी माझ्या नावावर काढलेलीच नव्हती, त्याच्या वर्षभराच्या पॉलिसीचा नंबर बिलावर टाकला होता. विमा कंपनीनं पत्र दिलं : उशिरामुळे किंवा वस्तूच्या मूळ स्वभावामुळे झालेलं नुकसान यात बसत नाही. पॉलिसीची प्रत स्वतःच्या नावाची हातात येईपर्यंत विम्याचा एक रुपया देऊ नका.

आता सरकारी दारांबद्दल. ३ जूनला पोलीस ठाण्यात गेलो. "उद्या मतमोजणी आहे, नंतर या." नंतर गेलो. अंमलदार म्हणाले, "दारू जितकी जुनी तितकी चांगली ना? मग खराब कशी झाली?" मी समजावलं. ते शेजारच्याला म्हणाले, "इथं लोकांना प्यायला पाणी नाही, टँकरवर मारामाऱ्या चालल्यात, आन् यांची वाईन गरम झाली." त्या दिवसांत जायकवाडी तळाला गेलं होतं हे मलाही दिसत होतं, माझ्याही हॉटेलला टँकरच येत होता. पण म्हणून चोरी ही चोरी राहत नाही का? वाईनऐवजी युरियाची गोणी बदलून दिली असती तर हेच बोलले असते का?

मग "ही दिवाणी बाब आहे." मग "पैसे मुंबईच्या खात्यात गेले, मुंबईला जा." मुंबईला गेलो, येण्याजाण्यात दोन दिवस आणि ४,३०० रुपये. तिथे म्हणाले, "माल तुमच्या गावात उतरला, तिकडेच नोंदवा." जुलैत परत गेलो तर नवीन वाद : १ जुलैपासून कायदा बदललाय, आता कलम कोणतं लावायचं? घटना मेची, म्हणजे जुन्या दंडसंहितेचं ४२०, हे मला वकिलानं पाच मिनिटांत सांगितलं. हद्द कुठलीही असली तरी तक्रार नोंदवून घ्यायची, असं नव्या नागरिक सुरक्षा संहितेत स्पष्ट आहे. माझा अर्ज घेतला, पण त्यावर पोच देण्यासाठी तीन चकरा मारायला लावल्या. पोच घेतल्याशिवाय कोणत्याही टेबलावर कागद सोडू नका.

ज्या उत्पादन शुल्क खात्याला मी दरवर्षी परवान्याची फी भरतो, तिथले साहेब म्हणाले, "२४ पाठवल्या, २४ पोचल्या, कर भरलेला आहे. आमचा विषय संपला." पासावर थंड गाडी असं लिहायची जागाच नाही, त्यामुळे त्यांच्या दृष्टीनं फसवणूक झालीच नाही. अन्नाच्या खात्यात विचारलं : "पिऊन कोणाला बाधा झाली का?" नाही. "मग असुरक्षित नाही." नासकं दूध फेकून देता येतं, त्याच्यासाठी कायदा आहे. माझ्या बाटल्यांना कोणी धनी नाही.

शेवटी ऑगस्टमध्ये जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार टाकली. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथे फी नाही आणि दोन वर्षांची मुदत असते, हे माहीत असू द्या. समोरच्यानं उत्तर दिलं, खरेदी व्यापारी हेतूची, हा ग्राहकच नाही. मी स्वतः गल्ल्यावर बसून हॉटेल चालवतो, माझं पोट त्यावर आहे, आणि स्वतःच्या उपजीविकेसाठी घेतलेल्या मालाला कायद्यात सूट आहे. तारखा पडतायत. ट्रान्सपोर्टवाल्यावर दावा करायचा असेल तर बुकिंगपासून १८० दिवसांच्या आत लेखी नोटीस लागते. मला हे ऑक्टोबरात कळलं, महिनाभर हातात असताना. रजिस्टर पोस्टानं पाठवली.

आणखी काही, जसं आठवेल तसं. लॉगरची छापील पट्टी घेऊ नका, लॉगरच खोक्यात राहिला पाहिजे आणि तुम्ही स्वतः तो कॉम्प्युटरला लावून वाचला पाहिजे. निम्मे पैसे माल उघडून बघेपर्यंत अडकवून ठेवा. मार्च ते जून मागवूच नका, जानेवारीत घेऊन ठेवा. ज्यांच्याकडे परवाना नाही आणि जे ओळखीनं कुरिअरनं बाटल्या मागवतात, त्यांनी तर नादच सोडावा. तुम्हाला तक्रार करायलाही तोंड राहणार नाही.

गेल्या आठवड्यात लातूरच्या एका हॉटेलवाल्याचा फोन आला. त्यांनी त्याच माणसाकडून ऑक्टोबरात १२ बाटल्या घेतल्या होत्या, थंड गाडीचे ११,००० देऊन. मी त्यांना लॉगरच्या पट्टीचा फोटो पाठवायला सांगितला. १४.० ची तीच सरळ रेघ, यंत्राचा तोच नंबर, आणि खालच्या कोपऱ्यात तारीख १७ मे. आम्ही दोघं येत्या सोमवारी दोन्ही पट्ट्या घेऊन परत पोलीस ठाण्यात जातोय.