बर्डीवरचा रेशोंचा रविवार वर्ग: ताळेबंद उत्तम, मोसमी धंद्याचा विसर

व्होकेशनलच्या अकरावी-बारावीच्या मुलांना रेशो, म्हणजे हिशेबातल्या आकड्यांची गुणोत्तरं, शिकवणारा नागपुरात बर्डीवरचा (सीताबर्डी) हा सहा रविवारांचा वर्ग सूत्रं पाठ करून घेत नाही. पहिल्याच दिवशी हातात पडतो इतवारीतल्या काल्पनिक कापड दुकानाचा ताळेबंद. रोख व बँक 60,000, ऋणको (ज्यांच्याकडून येणं आहे) 1,80,000, साठा 3,60,000. समोर धनको (ज्यांचं देणं आहे) 2,20,000 आणि ओव्हरड्राफ्ट (बँकेतून शिलकीपेक्षा जास्त उचललेली रक्कम) 80,000. चालू मालमत्ता सहा लाख भागिले चालू देणी तीन लाख, करंट रेशो 2:1. मुलं खूश! साठा वगळला की क्विक रेशो 0.8:1 वर उतरतो.

सगळ्यात सरस भाग यानंतरचा. 30 मार्चला धनकोंना 50,000 चुकते केले तर काय होईल? करंट रेशो 2.2 होतो, क्विक 0.76. व्यवहार एकच, एक आकडा चढला, दुसरा पडला. रेशो एकाहून मोठा असेल तर वरून-खालून सारखी रक्कम काढल्यावर तो वाढतो, लहान असेल तर घटतो. वर्षाखेरीस ताळेबंद कसा सजवतात, हे यातून आपसूक कळतं. फी इथेच वसूल.

ढोबळ नफ्यावरही नीट वेळ दिलाय. विक्री 24 लाख, विकलेल्या मालाची किंमत (दुकानाला पडलेली) 18 लाख, म्हणजे ढोबळ नफा 6 लाख. बाजारात मार्जिन बहुधा खरेदीवर मोजतात, म्हणून दुकानात बसणारी मुलं 33.33 टक्के लिहितात. पेपरात विक्रीवर 25 हवेत. साठा फिरण्याच्या रेशोत (विकलेल्या मालाची किंमत भागिले सरासरी साठा, म्हणजे माल वर्षात किती वेळा खपला) उलटी चूक होते. सरासरी साठा 3 लाख धरून 18 ऐवजी 24 लाख भागले की 6 ऐवजी 8 वेळा येतं, आणि माल 61 ऐवजी 46 दिवसांत खपतो असं वाटतं. वहीत अंश-छेदाखाली आकडा कुठून उचलला ते लिहायला लावतात, त्यामुळे ही चूक लगेच पकडता येते.

आता खटकलेलं. क्विक रेशोसाठी काही पुस्तकं ओव्हरड्राफ्ट देण्यांतून वगळतात. तसं केलं तर याच दुकानाचा रेशो 0.8 ऐवजी 1.09 येतो. छापील सराव संचात दोन्ही पद्धतींची उत्तरं सरमिसळ आहेत आणि कुठली कुठे धरली याची टीप नाही. परीक्षेत नेमकं इथेच मुलं अडकतात.

दुसरं, उदाहरणं सगळी बारमाही दुकानांची. कळमन्यातला मिरचीचा साठेदार घ्या: हंगामात भरलेला माल 31 मार्चला गोदामात असतो, सुरुवातीचा आणि अखेरचा साठा दोन्ही फुगलेले. विकलेल्या मालाची किंमत 48 लाख आणि दोन्ही साठे 24 लाख असतील तर माल वर्षात दोनदाच फिरलेला दिसतो. बारा महिन्यांची सरासरी 12 लाख निघाली तर चारदा. नागपुरात शिकवायचं आणि हे गाळायचं, म्हणजे कमालच.

नफा-तोट्याचं पत्रक वाचता येत नसेल तर पहिले दोन रविवार जड जातील. साधा कॅल्क्युलेटर सोबत ठेवा, तिथे मोबाइल चालत नाही.